धास्तीची वही

"झोपेत वरडतोस का?" हा अव्वांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. दुसरा, "पवायला येतंय का?" आणि तिसरा, "अस्वल बघितलंयस का कधी?"

मी खोली बघायला आलो होतो. सोलापूरच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. वय बावीस, घर मोडनिंबला, आणि धीर इतका की शाळेची घंटा जरा जोरात वाजली तरी हातातला खडू पडायचा. तिन्ही प्रश्नांना मी नाही म्हणालो. अव्वांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भित्रा दिसतोस. ऱ्हा," त्या म्हणाल्या. "भित्रं माणूस आगीच्या भ्यानं दिवा इझवल्याबिगर झोपत न्हाय."

अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. गल्लीतली लहानमोठी सगळी त्यांना अव्वाच म्हणत, त्यामुळे त्यांच्याकडे सहा वर्षं राहूनही मला त्यांचं नाव कळलं नाही. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या त्या विधवा. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक, कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे. पुढच्या बाजूला त्यांचं घोंगड्यांचं दुकान आणि मागे तीन खोल्या, त्यातली एक माझी. गिऱ्हाइकांशी त्या मराठीत बोलत, देवाशी कन्नडमध्ये. काळजीही त्या कन्नडमध्येच करायच्या, आणि ती दिवसभर चालू असल्यामुळे वर्षभरात मलाही थोडं कन्नड येऊ लागलं.

दुकानाचं कुलूप त्या तीनदा ओढून बघत. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत. मिलचा भोंगा जरा उशिरा झाला की "काय झालं असंल गं बाई" म्हणून दारात येत. मला शाळेतून यायला उशीर झाला तर उंबऱ्यावर उभ्या असत. "टांग्याखाली गेलास म्हनून बसले हुते की," असं म्हणत, आणि त्या बोलण्यात मी टांग्याखाली न गेल्याबद्दल थोडी नाराजीही असे.

अशा या बाईला पाठीवर ओझं घेऊन, पायी, चार-साडेचार महिन्यांसाठी जंगलात जायचं होतं.

त्यांचा बेत असा. दिवाळी झाली की सोलापुरातून निघायचं. अक्कलकोट, गुलबर्गा करत निजामाच्या मुलखातून कृष्णेपर्यंत चालायचं. कृष्णा ओलांडली की पलीकडे दाट अडवी लागते. अडवी म्हणजे जंगल. तिथे हिंडायचं, हरणं बघायची, मोर बघायचे, ज्या झाडांची नुसती नावं ऐकली त्यांना हात लावायचा, आणि होळीच्या आत परत यायचं. त्याच जंगलात मल्लिकार्जुनाचं श्रीशैल आहे आणि आमच्या सोलापुरातून कितीतरी माणसं तिथे पायी जातात. पण अव्वांना यात्रेला जायचं नव्हतं.

"देवाला निघालेल्या मान्साला वाटंत थांबता येत न्हाय," त्या म्हणत. "आन मला तर वाटंतच जायचं हाय."

सगळ्यात आधी त्यांना बघायचं होतं ते अस्वल. त्याची हकीकत त्यांनी मला एकदाच, घोंगड्यांच्या घड्या घालता घालता सांगितली. मालक वारले त्याच महिन्यात दुकानासमोर अस्वल घेऊन दरवेशी आला होता. त्याने दोरी ओढली आणि म्हणाला, "अम्मा कू सलाम कर." अस्वलाने पंजा कपाळाला लावला. दोरीने त्याच्या नाकाला जखम झाली होती आणि जखमेवर एक माशी येऊन बसली.

"माशी हाकलायला हात मोकळा न्हवता त्याचा," अव्वा म्हणाल्या. "सलाम करत हुतं. तसंच हुबं ऱ्हायलं, डोळं मिचकावत. मी बघत ऱ्हायले. तवापास्नं डोक्यात हाय, मास्तर. ह्याच्या जातीचं एक तरी वेसणीबिगर बघायचं. ते बघितल्याबिगर मरायचं न्हाय."

मी आलो तेव्हा या गोष्टीला पाच वर्षं झाली होती, आणि अव्वा निघाल्या त्याला पुढे आणखी सहा वर्षं लागली. अकरा वर्षं त्या तयारीच करत होत्या. लोक प्रवासाला जाताना काय न्यायचं त्याची यादी करतात. अव्वांनी काय काय होऊ शकेल त्याची यादी केली. त्यांना फक्त कन्नड लिहिता येई, तेही लगेच बोटं दुखायची, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. जाड पुठ्ठ्याची एक वही होती. डाव्या पानावर धास्ती आणि उजव्या पानावर तिच्यावरचा उपाय.

पाय मुरगळला तर: आंबेहळद, एरंडाचं पान, दोन दिवस बसायचं. रडायचं नाही.

कुत्री अंगावर आली तर: खाली बसायचं. बसलेल्या माणसाचं काय करायचं ते कुत्र्याला कळत नाही. (हा उपाय घोंगड्या घेऊन येणाऱ्या सांगोल्याकडच्या धनगराने सांगितलेला. दुकानात आलेल्या प्रत्येक धनगराला अव्वा लांडग्याबद्दल, कोल्ह्याबद्दल, रानातल्या पाण्याबद्दल इतकं विचारत की तो बिचारा घोंगड्या विसरून जायचा.)

नदीला पाणी असलं तर: थांबायचं.

गल्लीत कुणी विचारलं, कुठे चाललात, तर: खरं सांगायचं. वेडी म्हणतील आणि सोडून देतील. देवाला चालले असं मात्र मेलं तरी सांगायचं नाही.

हे शेवटचं मी माझ्या हाताने, टाकाने, नीट शिरोरेघ देऊन लिहिलं होतं. ते आधीच सांगून ठेवतो.

एकाच धास्तीचं उजवं पान कोरं होतं. ‘अस्वल दिसलं नाही तर.’ दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला आम्ही ते पान काढत असू. अव्वा विचार करत, आणि शेवटी "ऱ्हाऊ दे" म्हणत.

छावणीतल्या शिपायाच्या पाठीवर त्यांनी दोन पट्ट्यांची पिशवी बघितली होती. तशी एक त्यांनी जाड चादरीच्या कापडाची शिवून घेतली. दुकानातल्या तराजूवर वजनं घालून घालून त्यांनी ठरवलं की आपली पाठ दहा शेर पेलते. अकरावा शेर घातला की गुडघा बोलतो. मग दहा शेरांचा हिशेब सुरू झाला. सुंठ घेतली की पळी बाहेर, दुसरं लुगडं घेतलं की पातळ घोंगडी. हे सहा वर्षं चाललेलं मी बघितलं आहे.

शेजारी नरसम्मा नावाची विणकर बाई होती, तिच्याकडे अव्वा तेलुगू शिकायला बसत. जंगलातली माणसं तेलुगू बोलतात म्हणून. माग खटखटत असे आणि त्या आवाजावरून ओरडत अव्वा धडा म्हणत: पाणी म्हणजे नीळ्ळु, वाट कुठे म्हणजे दारि एक्कड, अस्वल म्हणजे एलुगुबंटी. भिंतीपलीकडे मलाही ते पाठ झालं. नरसम्माचे सासरे फार कमी बोलणारे म्हातारे. त्यांचं मूळ गाव त्या जंगलाच्या कडेला होतं आणि दर दिवाळीनंतर ते पायी गावी जात. मी आल्याच्या सहाव्या वर्षी त्यांनी सांगितलं की आता पाय थकले, हे शेवटचं जाणं, मग तिकडेच राहणार. अव्वांना न्यायला ते तयार होते; परत येताना यात्रेकरूंची सोबत मिळणार होती. म्हणजे निघायचं तर याच वर्षी. वाट ठाऊक असलेलं आणि वाटेत उगाच न बोलणारं दुसरं माणूस मिळणार नव्हतं, आणि अव्वांचे गुडघेही थांबणारे नव्हते.

दसऱ्यापासून अव्वा पहाटे उठून दहा शेर पाठीला लावून सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या घालू लागल्या. आणि इथे माझी चूक झाली.

अव्वांचे दीर बाजारातले वजनदार गृहस्थ. आवाज खर्जातला, मिशा भरघोस, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलायची सवय. एका सकाळी त्यांनी मला सात रस्ता चौकाकडे जाताना गाठलं.

"मास्तर, आमची वैनी वझं घिऊन तळ्याला फिरती म्हनं. लोक मला इचारत्यात. डोकं फिरलं का तिचं?"

वहीत उत्तर होतं. मीच लिहिलेलं. पण त्या आवाजापुढे मला काही आठवेना. वाटलं, हा माणूस घरात शिरेल, पिशवी काढून घेईल, बाईला कोंडून घालेल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, छे. श्रीशैलाला पायी जायचंय त्यांना. त्याचा सराव."

दिरांचा चेहरा बघता बघता बदलला. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि भर रस्त्यात हात जोडले. मला वाटलं, वाचवलं आपण अव्वांना. शाळेपर्यंत मी जवळजवळ शीळ घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर दिरांची बायको उभी होती. हातात नारळ, खण आणि चांदीचे दोन डोळे. जावयाची नजर अधू झाली होती, त्यासाठी बोललेला नवस. तिच्या मागे आणखी चार बाया. पायी यात्रेला निघालेल्या माणसाच्या हाती आपला नवस द्यायची आमच्याकडे रीत आहे. जो चालत जातो त्याच्या हातून पोचलेला नवस देव जास्त मानतो म्हणतात. आणि निघालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तो नकार त्याचा नसतो, देवाचा होतो, आणि तो ज्याच्या पदरात पडेल त्याच्या घरात काय होईल याची हमी कुणी द्यावी?

अव्वांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर पुढे केला.

आठ दिवसांत नारळ, खण, चांदीचे पाय, लाकडी पाळणा, जावळाच्या पुरचुंड्या, पितळी घंटा असं सगळं गोळा झालं. अव्वांनी ते तराजूत घातलं. तेरा शेर भरलं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मुद्दाम उशिरा घरी आलो, तर उंबऱ्यावर कुणी नव्हतं. कुलूपही त्यांनी एकदाच ओढलं. अव्वा काळजी करत नाहीत हे बघून मीच धास्तावलो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात डोकावलो, तर त्यांनी पिशवी रिकामी केली होती. सुंठ, आंबेहळद, घोंगडी, काठीच्या टोकाला बसवायची टोपणं, अकरा वर्षांत निवडून निवडून ठेवलेलं सगळं जमिनीवर होतं, आणि त्या पिशवीत नारळ भरत होत्या.

"अव्वा, हे काय?"

"नवस टाकून जाता येत न्हाय." त्या वर न बघता म्हणाल्या. "आन तेरा शेर घिऊन अडवीत हिंडता येत न्हाय. सरळ देवाकडं जायाचं, सरळ परत यायाचं. म्हातारा बी न्हाय थांबायचा माझ्यासाठी. तू खोटं बोललास ते बोललास मास्तर, पर माझी वाट घेतलीस की रं."

मला रडू आलं. बावीस वर्षांचा आलो होतो, आता अठ्ठावीसचा होतो, आणि घोंगड्यांच्या थप्पीला टेकून चक्क रडलो. मग म्हणालो, "मी नेतो नवस."

"तू? घंटा वाजली तर दचकतोस की."

"दिवाळीची तीन आठवडे सुट्टी आहे. आगगाडीने जाईन, पुढे चालेन."

अव्वांनी पिशवीतला पहिला नारळ बाहेर काढला आणि म्हणाल्या, "बस. वही आन. तुझ्या धास्त्या लिहू." त्या भरायला नऊ पानं लागली.

निघायच्या दिवशी गल्ली जमली तेव्हा अव्वांनी मोठ्याने सांगितलं, "मी म्हातारी, बसत उठत जानार. नवसाला उशीर बरा न्हवं. नवस मास्तर नेतोय, गाडीनं." दिरांनी मिशीवरून हात फिरवला, विचार केला आणि मान डोलावली. नवसाला उशीर नको हे त्यांनाही पटलं. अव्वा दहा शेर पाठीला लावून त्या न बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे चालू लागल्या. कोपऱ्यावरून परत आल्या, कुलूप ओढून बघितलं, आणि गेल्या.

माझ्या प्रवासाबद्दल फार सांगत नाही. दोनदा गाडी बदलली, दोन्ही वेळा चुकीच्या फलाटावर उभा होतो. मग बैलगाडी, मग आठ-दहा यात्रेकरूंबरोबर जंगलातली पायवाट. तेरा शेरांनी खांदे सोलले आणि माझ्यामागे पान हललं तरी मी मल्लिकार्जुनाचा धावा करत होतो. तिसऱ्या दिवशी पिशवीचा पट्टा सुटला. बाकीचे वळणापुढे गेले आणि मी पट्टा बांधायला खाली बसलो. तेव्हा डावीकडे लोहाराच्या भात्यासारखा आवाज आला. वारुळाशी एक अस्वल होतं. वारुळात तोंड घालून जोरजोरात वाळव्या ओढत होतं. त्याने तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं, जरा वेळ तसंच थांबलं आणि झाडीत निघून गेलं. छातीवर पांढरी खूण, नाकावर माती. वेसण नाही, भोक नाही.

मी घाबरलो नाही. घाबरायचं राहूनच गेलं. मनात एवढंच आलं की हे माझं नव्हे. हे दुसऱ्याचं, चुकून मला मिळालं.

संध्याकाळी धर्मशाळेत एका म्हातारीने पाणी दिलं. तिला मी एलुगुबंटी, एलुगुबंटी एवढंच सांगत राहिलो, पाठ झालेलं बाकीचं तेलुगू तेव्हा आठवेना. दुसऱ्या दिवशी नवस पोचवले आणि परत आलो.

परत आल्यावर खरी धास्ती सुरू झाली. रोज कुणीतरी विचारी, "अव्वा भेटल्या का तितं?" मी म्हणे, त्या मागून चालत येणार होत्या. मार्गशीर्ष गेला. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली, अव्वांनी आयुष्यात न चुकवलेली, तरी त्या आल्या नाहीत. दीर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही, नुसते पायरीवर बसून राहिले, आणि ते मला जास्त झोंबलं. मी वही काढून एकेक धास्ती वाचायचो. नदीला पाणी असलं तर. ताप आला तर. म्हातारे आधी गेले तर. प्रत्येकीवर उपाय होता आणि एकाही उपायावर माझा विश्वास बसत नव्हता. दुकानाचं कुलूप मी रोज तीनदा ओढत होतो, हे नरसम्माने हसत दाखवून दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

होळीला चार दिवस असताना, भर दुपारी, अव्वा गल्लीत शिरल्या. काळ्या पडलेल्या, निम्म्या झालेल्या, पिशवीचा एक पट्टा सुतळीने बांधलेला. दारात आल्या, कुलूप ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "लागतंय की नीट."

गल्ली पाया पडून गेली. दीर सगळ्यात शेवटी गेले, डोळे पुसत. मग आम्ही दोघंच राहिलो. मी गुळाचं पाणी दिलं आणि विचारायला नको ते विचारलं.

"दिसलं का, अव्वा?"

"न्हाय." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मोर बघितलं, सांबर बघितलं. चार शिंगांचं हरीण असतंय म्हायती हाय का? ते बघितलं. वारुळं उकरलेली बघितली. एका वारुळाची माती वली हुती, मास्तर. तेवढ्यातच गेलेलं. हात लावला मी मातीला." मग त्या म्हणाल्या, "तुला काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

काय सांगणार होतो? अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते, घंटेला दचकणाऱ्या, खोटं बोलून त्यांचा बेत मोडायला निघालेल्या माणसाला फुकटात दिसलं, असं? ते त्यांना कळायलाच नको असं मला मनापासून वाटलं.

अव्वांनी मान हलवली. "वही आन. ते कोरं पान काढ."

मी पान काढलं. डावीकडे माझंच अक्षर: अस्वल दिसलं नाही तर. मी दौतीत टाक बुडवला.

"लिही," अव्वा म्हणाल्या. "ज्याला दिसलं, त्याच्याकडनं ऐकायचं."

मी ‘ज्याला दिसलं’ पर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

"धर्मशाळंतल्या म्हातारीला इचारलं मी, सोलापूरचा मास्तर आलता का, नवस पोचले का म्हनून. इचारल्याबिगर ऱ्हाईन का मी? तिघांना इचारलं. ती म्हनली, आलता, एलुगुबंटी एलुगुबंटी करत हुता, तांब्या दोनदा सांडला." त्यांनी पाय लांब करून भिंतीला पाठ टेकली. "पुरं लिही आन सांग."

मी पुरं लिहिलं आणि सांगितलं. सुटलेला पट्टा, भात्याचा आवाज, वारूळ, छातीवरची खूण. अव्वा डोळे मिटून ऐकत होत्या.

"नाक?"

"साबूत होतं. भोक नव्हतं."

"आन माशी?"

घाबरून मी जन्मात पुष्कळदा खोटं बोललो आहे. पण हे खरं आहे, माशी होती. ते तोंड वर करून माझ्याकडे बघत होतं तेव्हा येऊन नाकावर बसली, आणि त्याने पंजा उचलून ती हाकलली.

अव्वांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, नाकापाशी गेला आणि हळूच बाजूला झाला.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "पट्टा सुटला तितनं सांग. सावकाश."